गोदूबाईच्या दारावरची फुली

थळच्या कोळीवाड्यात स्वच्छतेचा मान गोदूबाईचा, आणि तो तिने स्वतःच स्वतःला दिलेला. अंगण दोनदा झाडायचं, पिंपावर झाकण, झाकणावर दगड. वर शेजारच्या नीराबाईला ऐकू जाईल असं म्हणायचं, "डास लोकांच्या घरात व्हतात. आमच्याकडं नुसते चावायला येतात."

तिची सून सुचिता आशा सेविका. परतीचा पाऊस नुकताच थांबला होता, वाडीत दोघं डेंग्यूने पडले होते, म्हणून ती घरोघर अळ्या शोधत फिरत होती. सापडल्या की दारावर खडूची फुली, नाहीतर बरोबरची खूण. परवाच पिंपातल्या अळ्यांपायी फुली मिळालेली नीराबाई आज मुद्दाम गोदूबाईच्या पायरीवर येऊन बसली.

"बघू गो, सासूच्या दाराला खडू लागतो का!"

सुचिताने पिंप पाहिलं, कुंड्या पाहिल्या, फ्रिजमागचा ट्रे ओढला. सगळं लख्ख. मग तिने शिडी लावली.

"वर काय हाय? तिकडं कावळाबी बसत न्हाय," गोदूबाई म्हणाली. आवाज मात्र जरा उतरला होता.

पत्र्याच्या कडेची पन्हळ काठोकाठ भरलेली. खाली अंगणात बारीक कोळंबीचा जवळा वाळत घातलेला, त्यावर पाणी पडू नये म्हणून गोदूबाईनेच जुन्या जाळ्याचा बोळा पन्हळीच्या तोंडात कोंबला होता. अख्खी वाडी हेच करते. जवळा कोरडा राहिला, आणि वर कुजक्या पानांत अळ्या मजेत वळवळत होत्या.

सुचिताने वाटीभर पाणी खाली आणलं. "आई, बघा."

गोदूबाईने पाहिलं. मग पायरीकडे पाठ करून हळूच म्हणाली, "ओत ती. कोनी बघितलं न्हाय."

"मी बघितलं ना, आई."

आणि तिने फुली मारली. नीराबाईच्या फुलीपेक्षा बोटभर मोठीच.

गोदूबाईने फुलीकडे एकदा पाहिलं. मग जवळा गोळा केला, पदर खोचला आणि साठीची बाई सरसर शिडी चढली. बोळा उपसून खाली भिरकावला, तो नेमका पायरीजवळ पडला.

"हसतेस काय नीरे! माजी सून हाय ती. सासूच्या दारावर सासूच्या देखत फुली मारली तिनं. हाय वाडीत दुसऱ्या कोनाच्या सुनंची छाती?"

शेजारच्या दारातून बघणारी नीराबाईची सून पटकन आत गेली.

"आन तुज्या पन्हळीतला बोळा मला हितून दिसतोय. शिडी पाठवू का मीच येऊ?"

संध्याकाळपर्यंत अकरा पन्हळी साफ झाल्या. प्रत्येकीच्या तोंडाला पाइपचा तुकडा बसला, पाणी वाळवणापासून लांब गेलं. शिडी गोदूबाईची, आरडाओरडाही तिचाच.

आठवड्याने सुचिता परत तपासायला आली. पन्हळ कोरडी ठणठणीत. फुली पुसायला तिने ओलं फडकं घेतलं, तशी सासूने हात धरला.

"ऱ्हाऊ दे ती. बाजूला बरोबर काढ." आणि नीराबाईच्या घराकडे बघून, "सगळ्यांना वाचता येईल एवढी मोठी काढ."