त्रेचाळिसावं गाव

"त्रेचाळीस दूध संस्थांचे त्रेचाळीस प्रोग्रॅम? कंपनी हाय का भाजी मंडई?" विजयसिंहांनी टेबलावर हात आपटला. "आता मूळ प्रोग्रॅम एकच. गावाचं काय वेगळं असंल तर त्यात त्याचं एक बटण. शनिवारपत्तोर यादी दे, बुद्धभूषण."

"आणि मग मला काय काम ऱ्हाणार, साहेब?"

"ते मग बघू की."

सतरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला एवढं उत्तर पुरे होतं. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून मागेल त्याला वेगळी कॉपी द्यायची खोड मालकांचीच. निस्तरलं मात्र बुद्धभूषणनं. कुठल्या गावाला काय लागतं, हे शाहूपुरीतल्या त्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ते लिहून दिलं की त्याची गरज संपली. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यानं बेचाळीस गावांचीच यादी दिली. जोतिबाच्या पायथ्याचं एक गाव मुद्दाम गाळलं. रविवार देवाचा, म्हणून तिथं त्या दिवशी डेअरीला दूध घालत नाहीत. होऊ दे मालकाची फजिती, असं म्हणून तो घरी गेला.

शनिवारी रात्री सुरू झालेल्या नव्या प्रोग्रॅमात दुधाचा खाडा पडला की सभासदत्व बंद, असा नियम होता. रविवारी दूध आलं नाही म्हणून त्यानं त्या गावातल्या सगळ्यांचं सभासदत्व बंद केलं. सोमवारी सकाळी तिथला दूध मोजायचा काटा कुणाचंच दूध घेईना. डेअरीतनं फोन आला, तसा विजयसिंहांनी तो बुद्धभूषणच्या हातात कोंबला.

"मी चिमणाबाई. काटा बसवायला आलतास, तवा माझ्या घरात जेवलातास बघ. मशीन म्हणतंय, मी सभासदच न्हाय. तीस वर्सं दूध घालतोय रं मी. किटली घेऊन उन्हात हुबी हाय. काय चुकलं माझं?"

राग मालकावरचा आणि दूध नासणार म्हातारीचं. बुद्धभूषणला स्वतःची लाज वाटली.

"तुमचं न्हाय, मावशी. माझं चुकलं. धा मिन्टं थांबा."

त्यानं त्रेचाळिसावं बटण घातलं.

"म्हणजे ठाऊक हुतं तुला! मुद्दाम गाळलंस?" विजयसिंह कडाडले.

"व्हय."

"उद्यापास्नं येऊ नगंस."

बुद्धभूषण पुन्हा कीबोर्डकडे वळला. तो स्वतः जोतिबाच्या डोंगरावर देवाला कधी गेला नव्हता. तरी बटणाशेजारी त्यानं लिहिलं, 'रविवारचं दूध देवाचं. गावाला विचारल्याशिवाय हे काढू नये.'

मग तो पडद्याकडे बघत बसून राहिला. थोड्या वेळानं पहिली नोंद उमटली. चिमणाबाई, म्हैस, चार लिटर.

त्यानं आपला जेवणाचा डबा उचलला आणि तो निघाला.