डावीकडे ओढणारी गाडी

“बेअरिंग बदललं म्हंजे अलाइनमेंट लागतेच असं नाई, काकाजी,” भुपेंद्र मेकॅनिक गाडीखालून म्हणाला. “वरचे दोन बोल्ट खोलले असन, तं लागते.”

“मंग तू खोलले का?”

“खोलल्याबिगर बेअरिंग निंगते का?”

मधुकररावांनी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं कारकुनी केली होती. अवघड प्रश्न आला की त्यावर ‘पुढील मार्गदर्शन व्हावे’ असं लिहून तो वरच्या कार्यालयाकडे पाठवायचा, एवढं ते उत्तम शिकले होते. सानगडीच्या या गॅरेजला वरचं कार्यालय नव्हतं. वर चिंचेचं झाड होतं.

आत्ताच त्यांनी गावाबाहेर एक चक्कर मारून पाहिली होती. तेवढ्यात गाडी तीनदा डावीकडे, तलावाच्या दिशेने निघाली. अलाइनमेंटचं मशीन साकोलीला, आणि मशीनवाला मेहुणीच्या लग्नाला. लग्नसराईत भाड्याची गाडी मिळत नव्हती. आणि आज शुक्रवारी बारा वाजता भंडाऱ्याला त्यांच्या बायकोचं, रुखमिणीबाईंचं, डायलिसिस होतं. मंगळवारचं हुकलंच होतं, बेअरिंगने वाटेतच जीव सोडला म्हणून. तेव्हापासून त्यांच्या अंगात पाणी चढत होतं. पाय इतके सुजले की स्वतःच्या चपलेत मावेनात. त्या नवऱ्याच्या चपला घालून झाडाखाली बसल्या होत्या आणि नवरा अनवाणी उभा होता.

“गाडीलेच जायचं नाई, तं तुमी कायले तिच्यासंग भांडता जी?” त्यांना मधेच धाप लागली. “घरी चाला.”

“तू चूप बस वो.”

भुपेंद्र मागच्या घरात गेला आणि रोवण्याची दोरी घेऊन आला. धान लावताना ओळ सरळ यावी म्हणून बांधीत, म्हणजे खाचरात, ताणतात ती, हातहातावर लाल चिंध्या बांधलेली.

“याच्यानं होते?”

“माह्या आबाजीची ओळ कधी वाकडी नाई गेली, काकाजी.”

“धान ऐंशीच्या स्पीडनं पळत नाई, भुपेंद्र.”

“मंग तुमी चाळीसनं जा. भंडाऱ्यात मशीनवर पक्कं करून घेजा.”

मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणली गेली. मग भुपेंद्रने दोघांनाही गाडीत बसायला लावलं. वजन पडलं की चाकाचं माप बदलतं म्हणे. तो खिडकीशी वाकला.

“काकीजी, वजन किती हाये तुमचं?”

“पाण्यासंगट सांगू का बिनपाण्याचं?”

भुपेंद्रने गंभीरपणे विचार केला. “जातानी पाण्यासंगट, येतानी बिनपाण्याचं. मधातलं धरू का, काकाजी?”

“जायचं धर,” मधुकरराव म्हणाले. “यायचं मंग पाहू.”

खालचा नट आवळून, ढिला करून, पुन्हा आवळून चाक चिंध्यांच्या रेषेत आलं.

वाटेतलं लाखनी गाव मागे पडलं तरी गाडी सरळ होती. सकाळपासून मधुकररावांना गाडीची काळजी करता येत होती. आता तीही उरली नाही.

“जी,” रुखमिणीबाई समोर पाहत म्हणाल्या, “आज जातो. मंगळवारी मी नाई येत. बस झालं आता.”

मधुकररावांनी स्टेअरिंगवरून दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले. गाडी सरळ जात राहिली. बाजूने एक ट्रक घासून गेला.

“हात ठेवा जी!”

“कायले? सरळच तं जाऊन राहिली.”

“ठेवा म्हणतो ना! मले भेव लागून राहिलं!”

मधुकररावांनी हात ठेवले.

“मंगळवारी नऊलेच निंगू,” ते म्हणाले.

रुखमिणीबाईंनी खांद्यामागचा सीटचा पट्टा ओढून फुगलेल्या पोटावरून लावून पाहिला. तो पुरला नाही. मग त्याचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरून त्या बसून राहिल्या.