चार पावलं अलीकडे

"मैल तो मैलच," असं म्हणून वकीलसाहेबांनी टेबलावर हात आपटला, तेव्हा प्राचार्यांच्या कपातला चहा बशीत आला. "उद्या म्हणाल, मैलाचा दगडही नको, किलोमीटरचा दगड म्हणा."

वकीलसाहेब माजी विद्यार्थी संघाचे अध्यक्ष होते. तरुणपणी कॉलेजातर्फे मैलभर पळून त्यांनी विक्रम केला होता, आणि त्यानंतर ते फारसे कुठे पळाले असतील असं त्यांच्याकडे बघून वाटत नव्हतं. जिमखान्याच्या भिंतीवर विक्रमांचा लाकडी फलक होता, त्यात वरून दुसरं नाव त्यांचं. दर वर्षी स्नेहसंमेलनाला ते नातवंडांना घेऊन यायचे आणि काठीनं ते नाव दाखवायचे. वार्षिक शर्यती यार्ड-मैलातून काढून मीटरात न्यायच्या, हा विषय निघाल्यापासून त्यांना झोप नव्हती.

विषय काढला होता क्रीडाशिक्षिकेनं. तिचं म्हणणं साधं होतं. बाहेर सगळीकडे मीटर, आणि आपली मुलं वर्षभर यार्डात पळतात. शंभर यार्डांची सवय लागलेला आपला सगळ्यात चपळ मुलगा बाहेरच्या स्पर्धेत शंभर मीटरला उतरला, नव्वदीपर्यंत सगळ्यांच्या पुढे होता, आणि मग पाहुण्यांना सोडायला फाटकापर्यंत जावं तसा पळाला. पायांना वाटलं, शर्यत संपली.

यावर वकीलसाहेब म्हणाले, की पाय सुधारा, मैल कशाला बदलता. आमची नावं फलकावरून पुसायचा हा डाव आहे.

तेव्हा क्रीडाशिक्षिकेनं आपला हुकमी पत्ता टाकला. नावं पुसायची नाहीत, तिनं सांगितलं. जुन्या वेळा हिशेबानं मीटरात बदलून घ्यायच्या. अंतर जेवढं कमी-जास्त, तेवढी वेळही कमी-जास्त. नवीन फलकावर सगळी नावं जशीच्या तशी येतील. मैलाच्या जागी पंधराशे मीटर येतील, एवढंच. वकीलसाहेबांनी चष्मा लावला, आपली नवी वेळ पाहिली. घरबसल्या ते जवळजवळ वीस सेकंदांनी जोरात पळाले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तसा मी काही विज्ञानाच्या विरोधात नाही," ते म्हणाले.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मैदानाचं फारसं काही करावं लागणार नव्हतं. सुरुवातीच्या रेषेला सिमेंटची पट्टी पुरलेली होती, ती तशीच ठेवायची. एका फेरीची चारशे चाळीस यार्डांची शर्यत आजवर जिथून निघायची तिथेच पोचायची. आता ती चारशे मीटरांची होणार, म्हणून पोचण्याची रेष थोडी अलीकडे येणार होती. क्रीडाशिक्षिकेनं ते टेबलावर बोटं चालवून दाखवलं. "चार पावलं," ती म्हणाली. "चार पावलं अलीकडे."

प्राचार्य टेबलाच्या टोकाकडे वळले. "मग हळू..." ते खाकरले. "मग ग्रंथपालबाई, तुमचाही होकार होऊन जाऊ दे."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या ग्रंथपालबाईंना सगळं कॉलेज हळूबाई म्हणायचं. हळू बोला, हळू चाला, खुर्ची हळू सरकवा, एवढ्यावर त्यांची सगळी नोकरी झाली होती. मुलांनी ठेवलेलं नाव शिक्षकांच्या तोंडी बसलं, आणि तिथून ते प्राचार्यांच्या तोंडी बसायला फार वेळ लागला नाही. हळूबाईला ते ठाऊक होतं. आपण एकेकाळी या कॉलेजातली सगळ्यात जोरात पळणारी मुलगी होतो आणि लोक आपल्याला हळूबाई म्हणतात, यात तिला मनातून गंमतच वाटायची. फलकावर मुलींच्या चारशे चाळीस यार्डांसमोर जे नाव होतं ते तिचं, माहेरचं. आजच्या मुलांपैकी एकालाही त्या नावाची आणि हळूबाईची सांगड घालता आली नसती.

"मला परवापर्यंत वेळ द्या," हळूबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघत राहिले. सगळ्यात जास्त बघत राहिली ती क्रीडाशिक्षिका. कारण ती हळूबाईची सून होती.

कॉलेजात 'मॅडम' आणि घरी 'आई', असा त्या दोघींचा करार होता. बसमधून उतरेपर्यंत सूनबाई मॅडमशी काही बोलली नाही. घरी मटार सोलायला बसल्यावर मात्र आईंशी बोलली.

"मला वाटलं वकील आडवे येतील. आडव्या आलात तुम्ही."

"आडवी कुठे आले? वेळ मागितला."

"आई, तो हिशेब मी कुणासाठी केला? त्या वकिलांसाठी?" सुनेनं एक शेंग उगाच जोरात फोडली, दाणे फरशीवर पळाले. जुन्या फलकाला वाळवी लागली होती, तो उतरवणारच होते. वेळा बदलून घेतल्या नसत्या तर सगळी नावं अडगळीत गेली असती. आईंची नोकरी उन्हाळ्यात संपणार. मग त्या कॉलेजात आईंचं म्हणून काय उरणार, हळू बोला अशी पाटी? "आणि तुमचं माहेरचं नाव दुसरीकडे आहे कुठे, ते तरी सांगा मला."

हळूबाईनं शोधून पाहिलं. बँकेत नव्हतं, विजेच्या बिलावर नव्हतं, पगारपत्रकावर नव्हतं. माहेरचं घर भावांनी केव्हाच विकलं होतं. आईवडील गेल्यापासून त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. म्हणजे एका भिंतीवर, पिवळ्या रंगात, बोटभर उंचीचं, तेवढंच.

"या दोघींच्या शर्यतीत हरलो मी एकटा," पेपरामागून नवरा म्हणाला. हा त्याचा फार जुना विनोद होता आणि घरात त्याला आता कुणी हसत नसे.

'या दोघी' म्हणजे त्याची बायको आणि त्याची बहीण. कॉलेजात त्या दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या. सकाळी बरोबर धावायच्या, एका डब्यात जेवायच्या. मैत्रीण पुढे आणि हळूबाई मागे, हे ठरल्यासारखंच होतं. वर्षभर तिनं मैत्रिणीची वेणी पाठीवर डावी-उजवीकडे उडताना पाहिली होती. त्या दिवशीच्या शर्यतीतही पहिल्या वळणापासून ती वेणी पुढेच होती. शेवटच्या सरळ पट्ट्यात होती, पायऱ्यांवरची मुलं ओरडू लागली तेव्हा होती, आणि मग अगदी शेवटी एकाएकी ती दिसेनाशी झाली आणि फीत हळूबाईच्या छातीला लागली.

काय शेवट केला पोरीनं, असं सगळे म्हणाले. तिला दूरच्या शहरात मोठ्या स्पर्धेला पाठवलं. तिथे ती पहिल्याच फेरीत बाद झाली, पण गेली होती. पुढे कॉलेजात नोकरी निघाली तेव्हा फलकावरचं नाव बघून तेव्हाच्या प्राचार्यांनी तिला बोलावून घेतलं. मैत्रीण त्या शर्यतीनंतर पळालीच नाही. तिचं लग्न ठरलं. तिच्या भावाचं ठरायचं होतं, तेही ठरलं, आणि मैत्रिणीची नणंद झाली.

"चार पावलं अलीकडे," असं सुनेनं टेबलावर बोटं चालवून दाखवलं तेव्हा हळूबाईला दुसरं काहीच दिसलं नव्हतं. चार पावलं अलीकडे ती वेणी अजून पुढे होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती घरी न जाता नणंदेकडे गेली. नणंद मागच्याच गल्लीत तळमजल्यावर राहायची. नवरा गेल्यापासून एकटी, शिवणाच्या मशीनसोबत. गुडघा एक धड, एक नावाला.

"या वहिनी," मशीनवरून मान वर न करता नणंद म्हणाली. "आज पुस्तकांना सुट्टी?"

"वन्सं, चहा टाकू का?" लग्न झालं तेव्हा सासूबाईंच्या समोर मैत्रिणीला वन्सं म्हणावं लागायचं आणि दोघी स्वयंपाकघरात जाऊन हसायच्या. सासूबाई गेल्या, वन्सं तेवढं राहिलं.

चहा पिताना हळूबाईनं मीटरांची सगळी हकीकत सांगितली. नणंदेनं गळ्यातली टेप काढून तिच्यापुढे धरली. "हे बघ. एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर. गिऱ्हाईक ज्या भाषेत बोलेल ती बाजू वर करायची. कंबर तेवढीच राहते. तुमच्या कॉलेजला हे कळायला इतकी वर्षं लागली?"

"रेष चार पावलं अलीकडे येणार आहे," हळूबाई म्हणाली.

नणंदेचा कप ओठापर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला. मग ती हसली. "म्हणजे मी पहिली आले म्हण की."

"तू पुढे होतीस. मला तुझी वेणी दिसत होती."

"मग?"

"मग दिसली नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, मी जोर लावला."

नणंदेनं कप खाली ठेवला. मशीनच्या सुईखालचं कापड सारखं केलं, त्याला धरणारा दाब उचलला, पुन्हा खाली सोडला. "जोर लावलास ना, कोण नाही म्हणतंय," ती म्हणाली. "पण वेणी दिसली नाही, कारण मी वळले होते."

"वळलीस?"

"मागे. फीत दिसली समोर, वाटलं, झालं आता. म्हटलं तुझं तोंड कसं झालंय ते बघावं. हसायला म्हणून वळले गं. तेवढ्यात तू गेलीस बाजूनं."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. "कधी बोलली नाहीस," हळूबाई म्हणाली.

"काय बोलणार? मागे वळून पाहिलं म्हणून हरले, हे काय सांगत फिरायचं असतं? आधी लाज वाटायची. मग तू घरातच आलीस. घरातल्या माणसाशी काय हिशेब करायचा."

हळूबाईनं विचारलं, की मग समितीला सांगू का, मीटरांपुढे हिचं नाव लिहा म्हणून. नणंदेनं तो विचार उडवून लावला. तिच्यासाठी कुणी घड्याळ लावलं नव्हतं, आणि जे मोजलंच नाही ते लिहायचं काय. वहिनीनं गुपचूप आपलं नाव राहू द्यावं. निवृत्त होताना तेवढंच गाठीला राहील.

"राहील. पण जी शर्यत मी हरले तिच्यापुढे राहील."

"वेडीच आहेस. पहिल्यापासून," नणंद म्हणाली, आणि सुई-दोरा तिच्यापुढे केला. "ओव. मला दिसत नाही संध्याकाळचं."

परवाच्या बैठकीत हळूबाई फार बोलली नाही. माझी वेळ बदलू नका, ती म्हणाली. "यार्डात मी पहिली आले. चारशे मीटरला मी दुसरी होते." प्राचार्यांना ते नीट कळलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं, की हिशेब तर बरोबर आहे ना? हिशेब बरोबरच होता. पण ज्यांचं नाव त्याच नको म्हणताहेत म्हटल्यावर जागा रिकामी ठेवायची ठरलं. यंदा जी मुलगी जिंकेल तिचं नाव तिथे लिहायचं. वकीलसाहेबांनी चष्मा काढून हातात धरला होता. शेवटच्या शंभरेक यार्डांत आपण कोणाला मागे टाकलं होतं, ते बहुधा आठवून पाहत असावेत. आठवलं असेल, तरी त्यांनी सांगितलं नाही.

रात्री भांडी आवरताना सुनेनं विचारलं, "आत्या पुढे होत्या?"

"होत्या."

सून ओलं ताट फडक्यानं पुसत राहिली, कोरडं झालं तरी. "आत्यांनाही आणा मग शर्यतीला," ती म्हणाली. "पायऱ्यांवर नाही, खुर्ची ठेवते."

शर्यतींचा दिवस निरभ्र होता. जुना फलक दोन शिपायांनी आदल्या दिवशीच उतरवून ग्रंथालयामागच्या अडगळीत, तोंड भिंतीकडे करून उभा केला होता. नवा फलक चकचकीत होता. वकीलसाहेब नातवंडांना घेऊन आले होते, मात्र काठी आज त्यांनी टेकायलाच वापरली. मैदानावर फक्कीची नवी पांढरी रेष आखलेली होती. तिच्या पुढे चार पावलांवर जुनी रेष होती. वर्षानुवर्षं फक्की पडून तिची सिमेंटची पट्टी पांढरीफटक झाली होती, पण आता तिथून फक्त निघायचं होतं.

मुलींच्या चारशे मीटरला एक कृश, केस कापलेली मुलगी पहिली आली. तिची वेळ हळूबाईच्या जुन्या वेळेपेक्षा बरीच जास्त होती. कमी अंतर पळूनही जास्त. ती मात्र कमरेवर हात ठेवून असं हसत होती, की जगात याआधी कुणी पळालंच नसावं. हळूबाईनं भरपूर टाळ्या वाजवल्या. पेंटर दुपारीच डबा-ब्रश घेऊन आला आणि त्यानं रिकाम्या जागी त्या मुलीचं नाव लिहून टाकलं. सून शिडी धरून उभी होती. नाव पुरं झाल्यावर तिनं मागे पाहिलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. "रंग ओला आहे," हळूबाई म्हणाली. "मुलांना हात लावू देऊ नकोस."

उन्हं उतरली तसं मैदान रिकामं झालं. बसथांबा पलीकडच्या अंगाला होता. नणंद खुर्चीतून उठली, काठी सावरली आणि म्हणाली, की वळसा कोण घालतंय, मधूनच जाऊ. दोघी सरळ पट्ट्यावरून निघाल्या. आधी बरोबर होत्या. मग नणंद जरा पुढे गेली. हळूबाई मागे पडली. कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, की चपलेत खडा गेला होता.

नणंदेच्या पाठीवर आता वेणी नव्हती, पांढरा अंबाडा होता. काठी टेकत टेकत ती नव्या रेषेपाशी पोचली, आणि ओलांडून गेली. थांबली नाही. तिचा एक पाय ओढला जात होता, फक्कीचा पांढरा ओरखडा तिच्यामागून मातीत उमटत चालला होता. एक पाऊल, दुसरं. हळूबाई मागून मोजत होती. तिसरं. चौथं पाऊल जुन्या रेषेच्या पलीकडे पडलं, तेव्हा कुठे नणंद थांबली.

तिनं वळून पाहिलं नाही. पाठमोरीच उभी राहिली, आणि आधारासाठी हात तेवढा मागे केला.