ओल्या टॉवेलचा हक्क

किनाऱ्यावरचा लष्करी तळ उठला तेव्हा वकीलबाईंना वाटलं, आता काटेरी तारा निघतील आणि लोक खुशाल समुद्रावर जातील. झालं भलतंच. बराकी पाडून तिथे हॉटेल उभं राहिलं. वकीलबाई किनारा विश्वस्त मंडळाच्या वकील. ते टाळायला त्यांनी जंग जंग पछाडलं, पण मंडळानं हॉटेलवाल्यांशी करार केलाच. एक अट मात्र त्यांनी भांडून घालून घेतली: समुद्राकडे जायची वाट लोकांना कायम खुली राहील.

हॉटेलवाल्यांनी वाट ठेवली, तिच्या तोंडाशी माणसाएवढ्या कुंड्या मांडल्या आणि कुंड्यांमागच्या फाटकाला कुलूप घातलं. वकीलबाईंनी मंडळाकडे तक्रार केली. मंडळ म्हणालं, "बघू."

घरी जेवताना सासऱ्यांनी विषय काढला. त्यांनी जन्मभर पोरांना पोहायला शिकवलं होतं, पण तारेपलीकडचा समुद्र नुसता लांबून बघितला होता.

"सूनबाई, तो किनारा नक्की कुणाचा?"

"सगळ्यांचा, बाबा. सरकार फक्त राखणदार. राखणदाराला धन्यालाच बाहेर ठेवता येत नाही."

"आणि ठेवलंच तर?"

"मी मंडळाची वकील. मी कुणाला काही सुचवायचं नसतं." वकीलबाईंनी पाण्याचा घोट घेतला. "पण करारात 'इमारतीच्या बाजूने किंवा आतून' असं लिहिलंय. करार कुणीही वाचू शकतं."

"झालं!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आता हे काहीतरी करणार."

दुसऱ्या दिवशी सासरे पोहायची चड्डी घालून, खांद्यावर टॉवेल टाकून हॉटेलच्या पुढच्या दारातून आत शिरले. संगमरवरावरून फटक फटक चपला वाजवत मागच्या दारानं समुद्रावर गेले आणि तासाभरानं पाणी निथळत त्याच वाटेनं परतले. दरवान म्हणाला, "आजोबा, टेकता का जरा?"

"छे! हक्क चालायचा आहे, बसायचा नाही," सासरे बाणेदारपणे म्हणाले.

आठवडा सरेपर्यंत त्यांचे जुने विद्यार्थी येऊन मिळाले. त्यांत टक्कल पडलेला न्हावी होता आणि गुडघेदुखीच्या काकूही होत्या. मग हॉटेलातल्या एका लग्नाच्या फोटोत नवरीमागून ही ओली वरात गेली, आणि मॅनेजरचा धीर सुटला. त्यानं मंडळाला फोन केला. मंडळानं वकीलबाईंना लगेच पाठवलं.

"मॅडम, या म्हाताऱ्याला आवरा! कोण आहे हा?"

सासरे नेमके समोरूनच येत होते. सुनेला बघून त्यांनी अनोळखी माणसासारखी मान वळवली. वकीलबाईंना हसू आवरेना. त्यांनी ते खोकल्यावर नेलं.

"हे? माझे सासरे आहेत," त्या म्हणाल्या. लपवून चालणार नव्हतं. "पण कराराच्या भाषेत हे जनता आहेत. त्यांना आतून जाण्यापासून अडवता येणार नाही. बाजूची वाट मोकळी केलीत, तर ते कशाला आत येतील?"

मॅनेजरनं नवरीकडे बघितलं, फरशीवरच्या डबक्याकडे बघितलं आणि दरवानाला कुंड्या हलवायला सांगितलं. कुलूप संध्याकाळपर्यंत निघालं.

वकीलबाई आनंदानं घरी आल्या. सासरे मात्र जेवताना घुम्यासारखे बसले होते.

"काय झालं, बाबा? वाट मिळाली ना?"

"मिळाली गं. पण त्या वाटेनं जायला काही मजाच नाही." त्यांनी पानातलं चिवडलं आणि एकदम डोळे चमकले. "बरं, टेकडीवरचं ते लष्कराचं जुनं दारूगोळ्याचं कोठार. तेही सगळ्यांचंच का?"

सासूबाईंनी डोळे वटारले. वकीलबाईंनी घाईघाईनं सासऱ्यांच्या पानात भात वाढला.