हिंगाची साक्ष

पाइन क्रीक काउंटीच्या सापळेवाल्यांच्या संघटनेने सरकारला एक पत्र धाडलं होतं. पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं, की आमच्या जंगलात लांडगे मुळी नाहीतच, हे सगळे विद्यापीठवाल्यांचे मनातले मांडे. दुसऱ्यात होतं, की लांडगे इतके माजलेत की हरणं औषधालाही उरली नाहीत. आणि तिसऱ्यात, की आमच्या चापात लांडगा कधी सापडत नाही, आणि सापडलाच तर आम्ही त्याला मायेने सोडून देतो. खाली एकशे बारा सह्या. एवढ्या माणसांनी सही करावी आणि एकानेही कागद वाचू नये, ही एकी बघून कुणालाही भरून यावं.

शरयूलाही भरून आलं, पण रागाने. नागपूरच्या व्हेटर्नरी कॉलेजातून मिशिगनच्या या उत्तर टोकाला लांडग्यांवर पीएचडी करायला येऊन तिला तीन वर्षं झाली होती. नवरा, यतीन, सांता क्लारात कॉम्प्युटरपुढे आणि बायको इथे बर्फात लांडग्यांमागे. संसार टेलिफोन कंपनीच्या कृपेने चाललेला. तीन वर्षांत तिने अकरा लांडग्यांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधले होते. त्यातल्या चौघांचे पाय चापात गेले. चाप लावलेले असत कायोटीसाठी. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा तिकडचा थोरला चुलतभाऊ, त्याच्या कातड्याला भाव येतो. पण चापाला काय कळतं, पाय कुणाचा? आणि चाप तीन-तीन दिवस कुणी बघायला जायचं नाही. तोवर थंडीने पंजा लाकडासारखा होऊन जायचा.

आता टेकडीवरच्या कळपात पिल्लं देणारी एकच मादी उरली होती. तिच्या पट्ट्याचा नंबर नऊ. तिच्यामागे या वर्षीची चार पिल्लं होती, आणि सापळ्यांचा मोसम उघडायला तीन आठवडे होते. दोन हजार पाचचं साल, सप्टेंबरचा शेवट.

राज्याच्या वन्यजीव खात्याने एका कागदावर दोन नियम सुचवले होते. लांडग्यांच्या मुलखात चाप रोज तपासायचा, हा पहिला. लांडग्याला ओढेल असं वासाचं आमिष वापरायचं नाही, हा दुसरा. संघटनेचं म्हणणं, रोज तपासणं म्हणजे भल्या माणसांचा छळ. आणि आमिषाचं म्हणाल तर आमचं आमिष लांडगा हुंगतसुद्धा नाही. म्हणजे त्याला आमच्या चापांपासून धोकाच नाही, मग नियम कशाला? खातं पडलं भिडस्त. ते म्हणालं, जाहीर सुनावणी घेऊ. लांडगा हुंगतो असं कुणी दाखवलं नाही, तर दोन्ही नियम मागे घेऊ.

संघटनेचे अध्यक्ष होते रायनो लाहती. वय सत्तरच्या पुढे, फिनलंडहून आलेल्या घराण्यातले. शरयूने पहिल्याच दिवशी त्यांना ‘अंकल’ म्हटलं, तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातले सगळे खो-खो हसले होते. पण म्हाताऱ्याने ते नाव ठेवून घेतलं. तो तिला ‘डॉक’ म्हणायचा, आणि हाच तिचा गुरू. कारण पट्टा बांधायचा तर लांडगा आधी जिवंत धरायला हवा, आणि तो धरण्याची विद्या पुस्तकात नव्हती, लाहती अंकलच्या हातात होती. तर विद्यापीठ ज्याला पगार देऊन लांडगे धरायला बोलवायचं, तोच संध्याकाळी लांडग्यांच्या नियमाविरुद्ध भाषण ठोकायचा. दोन्ही कामं अगदी मनापासून.

त्यांचं सोवळं कडक. चाप आधी झाडाच्या सालींच्या पाण्यात तासभर उकळायचे. मग त्याला उघडा हात लावायचा नाही. गुडघे टेकायला वेगळं कापड, ते दुसऱ्या कशालाही शिवलेलं चालायचं नाही. त्या दिवशी साबण नाही, तेल नाही, कॉफीसुद्धा नाही. शरयूच्या आईच्या महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकातही इतकी शिवाशीव नसे. एकदा शरयूने चुकून केसांवरून हात फिरवला, तर म्हाताऱ्याने आठ चाप परत उकळायला लावले.

विद्यापीठाच्या लांडग्यासाठी चाप वाटेवर नुसता पुरायचा, पण कायोटीच्या चापाला सोवळ्याच्या शेवटी यायची एक छोटी बाटली. ‘लाहती नंबर तीन’. काउंटीतला प्रत्येक सापळेवाला हेच आमिष त्यांच्याकडून घ्यायचा, आणि त्यात काय आहे हे तीस वर्षांत कुणालाही कळलेलं नव्हतं. मेच्या महिन्यात त्यांनी शरयूसमोर पहिल्यांदा बूच काढलं. आत कुजक्या मासळीचं, कसल्याशा ग्रंथींचं, देव जाणे कशाकशाचं मिश्रण. शरयूने नाक मुरडलं, आणि मग एकदम तिचा चेहरा फुलला.

“अंकल, यात हिंग आहे!”

म्हातारा पांढरा पडला. “काय आहे?”

“हिंग. आमच्याकडे वरणात घालतात.”

“खाता?” त्याने बाटली पुन्हा हुंगली. “तुम्ही हे खाता?”

मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. मैलभरात एक खारसुद्धा नव्हती, तरी आवाज खाली आणला. “डॉक, माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. ती वर गेली तरी ठाऊक नव्हतं. शब्द दे. या बाटलीत काय आहे ते तुझ्या तोंडून बाहेर पडायचं नाही.”

शरयूने शब्द दिला. चिमूटभर हिंगासाठी शब्द द्यायला काय जातं, असं तेव्हा वाटलं. शब्द नेहमी असेच स्वस्तात दिले जातात.

पुढचं सगळं घडलं तिच्या रूममेटमुळे. आईने नागपूरहून खडा हिंग पाठवला होता, खास हाथरसचा, तीन पिशव्या आणि एक डबा एवढ्या बंदोबस्तात. तरी रूममेट म्हणाली, घरात काहीतरी मेलंय. फ्रीज ओढून झाला, उंदीर शोधून झाले. शेवटी प्रेत डब्यात सापडलं आणि निकाल लागला: एक तर हिंग जाईल, नाही तर मी. भाडं एकटीला झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून हिंगच वनवासाला गेला. टेकडीखाली विद्यापीठाची एक लाकडी खोपटी होती, तिथे शरयू आठवड्यातले चार दिवस राहायची. पण कोंडल्या खोपटीत तो वास तिलाही सोसेना. तिने थोडे खडे डब्यात ठेवले आणि बाकीचे जुन्या पायमोज्यात बांधून ओसरीच्या खिळ्याला टांगले. जी बाई तीन वर्षं सोवळं शिकली, तिने लांडग्यांच्या वाटेवर हिंगाचं तोरण बांधावं! पण स्वयंपाकघर ते स्वयंपाकघर आणि जंगल ते जंगल, अशी तिच्या डोक्यात पक्की भिंत होती.

दोन दिवसांनी मोजा गायब. ओसरीसमोर जनावरं टिपायला लावलेल्या कॅमेऱ्यात सत्तावीस फोटो. पहिल्यात नऊ नंबर मान वर करून उभी. पाचव्यात मोजा तिच्या तोंडात. आणि त्यानंतर बावीस फोटोंत ती, काउंटीतलं सर्वांत सावध जनावर, चारही पाय आभाळाकडे करून त्या मोज्यावर लोळत होती. मागे चारही पिल्लं रांगेत, आपला नंबर कधी येतो म्हणून.

शरयूने सगळे फोटो परत पहिल्यापासून पाहिले. लांडगा हुंगत नाही म्हणे!

तिने यतीनला फोन लावला आणि फक्त फोटोंचं सांगितलं; बाटलीत काय ते त्याने आपणच ताडलं.

“अरे, ग्रेट ना!” तो म्हणाला. “सुनावणीत उठून सांगून टाक, यांच्या बाटलीत हिंग आहे. केस क्लोज्ड.”

“मी शब्द दिलाय.”

“कुणाला? त्या म्हाताऱ्याला? यार शरयू, तो उद्या तुझ्या नऊ नंबरच्या पायावर चाप लावणार आहे.”

“त्याने मला सगळं शिकवलंय, यतीन. आणि शब्द माणूस बघून पाळायचा असतो का?”

“बरं बाई, पाळ. मग फोटोच दाखव.”

“फोटोने काय होणार? हा आमचा मसाला, ते त्यांचं आमिष. दोन्ही एकच हे मी म्हणू शकत नाही.”

पलीकडचा कीबोर्ड थांबला. मग यतीन म्हणाला, “तोंड उघडणार नाही असा शब्द दिलायस ना? डबा उघडणार नाही असा दिलायस का?”

“हा चावटपणा झाला.”

“झालाच. मी काय हरिश्चंद्राच्या घरातला नाही. पण पाय तुझ्या लांडगीचा आहे, माझा नाही. तू ठरव.”

ती रात्रभर ठरवत राहिली. चावटपणा एका पारड्यात, पाय दुसऱ्यात. सकाळी आंघोळ करून देवापुढे हात जोडले आणि डबा पिशवीत टाकला.

सुनावणी शाळेच्या जिममध्ये होती. बास्केटबॉलच्या जाळीखाली खात्याचे अधिकारी, समोर दीडशे सापळेवाले, सगळ्यांच्या डोक्याला टोप्या. लाहती अंकल उठले. स्वातंत्र्य, वाडवडील, राज्यघटना असं सगळं घेऊन झाल्यावर म्हणाले, “आणि पन्नास वर्षांच्या अनुभवाने सांगतो, माझ्या नंबर तीनकडे लांडगा ढुंकून बघत नाही.” टाळ्या पडल्या. त्यांचं शरयूकडे लक्ष गेलं आणि त्यांनी डोळा मिचकावला. तिने मान खाली घालून पिशवीतला डबा चाचपला.

मग तिचं नाव पुकारलं. तिने फोटो पडद्यावर लावले. नऊ नंबर आभाळाकडे पाय करून लोळू लागली, तेव्हा सापळेवालेसुद्धा हसले.

“हा मसाला आहे,” शरयू म्हणाली. “माझ्या आईने पाठवलेला. लांडगी याच्यासाठी ओसरीपर्यंत आली. मला एवढंच सांगायचंय.”

मागून कुणीतरी ओरडलं, “तुमच्या रश्श्याचा आणि आमच्या चापांचा संबंध काय?”

“मी काहीच संबंध जोडत नाहीये,” ती म्हणाली, आणि ते अक्षरशः खरं होतं.

अधिकारी चष्मा पुसत म्हणाले, “पदार्थाचा नमुना आहे का? नोंदीसाठी?”

शरयूने डबा काढला. झाकण उघडून पहिल्या रांगेतल्या माणसाकडे दिला. “मागे द्या,” एवढंच म्हणाली. तीर्थप्रसाद फिरावा तसा डबा हातोहात फिरू लागला.

पहिल्याने हुंगलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्याने दोनदा हुंगलं. तिसरा होता खांद्याएवढा गळा असलेला एक दांडगा गडी, त्याने नाक डब्यात खुपसलं आणि अख्ख्या जिमला ऐकू जाईल असा ओरडला, “च्यायला! हे तर नंबर तीन आहे!”

“बघू, बघू!”

“तेच! मासळी नाही, पण तेच!”

“रायनो, तू बाटलीमागे दहा डॉलर घेतोस आणि ही बाई हे आमटीत घालते?”

तीस वर्षं जपलेलं गुपित दीड मिनिटात दीडशे नाकांनी फोडलं, आणि आपण काय केलं हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. बाटलीत काय आहे हे कळल्याचा आनंदच इतका झाला होता. अधिकाऱ्यांनी मात्र शांतपणे लिहून घेतलं: उपस्थित सदस्यांनी स्वतः ओळख पटवली.

लाहती अंकल जागचे हलले नाहीत. बाहेर पार्किंगमध्ये शरयू त्यांच्यासमोर उभी राहिली.

“अंकल, मी...”

“तू शब्द पाळलास,” ते ट्रकचं दार उघडत म्हणाले. “मोडला असतास तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या.” आणि निघून गेले.

नियम लागू झाले. सरकार एकदा जागं झालं की भलतंच जागं होतं, त्यामुळे लांडग्यांच्या मुलखात हिंग बाळगण्यालाच बंदी आली. खोपटी त्याच मुलखात. शरयूला परवान्याचा अर्ज भरावा लागला. ‘पदार्थाचा उपयोग’ या रकान्यात तिने ‘वरण’ लिहिलं, तर वरण कोणत्या प्राण्यासाठी, अशी लेखी विचारणा आली.

मोसम उघडल्याच्या चौथ्या सकाळी फोन वाजला. सुनावणीनंतरच्या तीन आठवड्यांत लाहती अंकलचा एकदाही फोन आला नव्हता.

“डॉक, सुई घेऊन ये. टेकडीचा उत्तरेकडचा उतार. तुझी नऊ नंबर आहे.”

शरयू कशी पोचली ते तिचं तिलाच कळलं नाही. हिंग नव्हता, तरी लांडगी कायोटीच्याच वाटेवरून आली होती आणि पुढचा उजवा पंजा चापात होता. काठीला बसवलेल्या सुईने तिला गुंगी दिली. लाहती अंकलनी आपला कोट काढून तिच्या डोळ्यांवर टाकला आणि चाप दाबून उघडला. शरयूने पंजा हातात घेतला. एकेक बोट चाचपलं. चारही गरम. कातडीला एक ओरखडा, बस्स.

“केव्हा सापडली असेल?”

“पहाटे. काल याच वेळी चाप रिकामा होता.” म्हातारा शर्टावर कुडकुडत होता, पण कोट काढून घेत नव्हता. “रोज सकाळी सहा मैल चालतो मी. या वयात. मूर्खांचा नियम आहे हा.”

“हो अंकल.”

“मी याच्याविरुद्ध कोर्टात जाणार आहे.”

“जा ना.”

“आणि तू गावभर सांगशील, नियमामुळे पाय वाचला म्हणून.”

“मी कुणाला काही सांगते का, अंकल?”

म्हाताऱ्याने तिच्याकडे वळून पाहिलं. “तुझं तेच तर भ्या वाटतं,” तो म्हणाला, आणि तीन आठवड्यांनी पहिल्यांदा त्याच्या मिशीचं टोक हललं.

तासाभराने नऊ नंबरने मान उचलली. दोघं मागे सरकून झाडाआड बसले. ती उठली, लडखडली, परत बसली. मग उजवा पंजा जमिनीला नुसता लावून पाहिला, आणि त्यावर सगळा भार टाकून चालू लागली.