नयनानंद महाराजांची चकती

विश्रांतवाडीच्या त्या मंगल कार्यालयात लग्न नव्हतं, तरी हॉल गच्च भरला होता. स्टेजवर नयनानंद महाराज, त्यांच्या पायाशी एक घमेलं आणि घमेल्यात चष्म्यांचा ढीग! समोरच्या भिंतीवर आरतीचा फलक. वरची ओळ हातभर मोठी, आणि खाली अक्षरं अशी बारीक होत गेलेली की चांगल्या डोळ्यांच्या माणसानेही कपाळाला आठ्या घालाव्यात.

"चष्मा म्हणजे काय, माउल्यांनो? डोळ्यांच्या कुबड्या!" महाराज माइकवरून गरजले. "टाका त्या कुबड्या! ही चकती नाही, सूर्यनारायणाचा दरवाजा आहे!"

दरवाजा म्हणजे रुपयाएवढी तांब्याची चकती, मधोमध बारीकसं भोक. माणूस घमेल्यात चष्मा टाकी, चकती डोळ्याला लावी आणि फलकावरची तळाची ओळ खडाखडा वाचून दाखवी. मग जयजयकार, आणि पुढचा.

रांगेत राजनंदिनी उभी होती, आईने दंड धरून आणलेली. खराडीच्या एका आयटी कंपनीत ती टेस्टर होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि वर शिव्या खायच्या, हे तिचं काम. पण वर्षभरात तिला स्क्रीनवरची अक्षरं दुहेरी दिसू लागली, रस्त्यावरच्या एका दिव्याचे तीन दिवे झाले. डॉक्टर मेहजबीन तांबोळींनी तपासून नाव सांगितलं, केराटोकोनस. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होत होत शंकूसारखा पुढे येतो.

"क्रॉस-लिंकिंग करून घे," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "जीवनसत्त्वाचे थेंब घालून वर अतिनील प्रकाश सोडतात. पडद्यातले धागे एकमेकांना घट्ट धरतात आणि आजार बहुतेक वेळा तिथेच थांबतो. मात्र चष्मा जाणार नाही. आणि उशीर नको. पडदा फार पातळ झाला की हेही करता येत नाही, मग कुणाचा तरी दान केलेला पडदा बसवावा लागतो."

तारीख उद्याची होती. पण आई, दुर्गाबाई, 'चष्मा जाणार नाही' याच वाक्यावर अडून बसल्या होत्या. पुण्यात राहून जन्म गेला, तरी जीव घाबरा झाला की त्यांची जीभ थेट यवतमाळला जाई. "एवढं करून चष्मा राहतेच, तर करावं काहून? इथं महाराज आत्ताच्या आत्ता काढतात न बापा!"

राजनंदिनीची पाळी आली. तिने नाक मुरडतच चकती डोळ्याला लावली. आणि तळाची ओळ समोर उभी राहिली, काळी, कोरीव, एकटी. किती दिवसांनी तिला एका अक्षराचं एकच अक्षर दिसलं होतं! तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"व माय! वाचलं न व पोरीनं!" दुर्गाबाईंनी तिथेच हात जोडले.

"एकच पथ्य," महाराजांनी बोट उचललं. "वर्षभर डॉक्टरचा हात डोळ्याला लागता कामा नये. लागला की दरवाजा बंद!"

"ऐकलंस? लाव फोन, उद्याचं रद्द कर," दुर्गाबाई म्हणाल्या. राजनंदिनीने मोबाइल काढला. अंगठा नंबरवर गेला, कारण आपल्याच डोळ्यांना खोटं कसं म्हणायचं?

तेवढ्यात दाराशी गोंधळ उडाला. बरे होऊन बाहेर पडलेल्या मंडळींना स्वतःच्या चपला सापडेनात! बापूराव नावाच्या एका आजोबांनी चक्क बायकांच्या सँडलमध्ये पाय घातला. कुणी म्हणालं, "आजोबा, चकती लावा की!" त्यांनी लावली. "एका वेळी एकच चप्पल दिसतेय," ते म्हणाले, "आणि ती माझी नाही."

सगळे हसले, राजनंदिनीचा अंगठा मात्र थांबला. डोळा बरा झाला असेल, तर चकती काढल्यावर बिघडतो कसा? आता तिच्यातली टेस्टर जागी झाली. मंत्र, तांबं, महाराज आणि भोक, यातलं नेमकं काम कोण करतंय? एकेक काढून बघायचं. आणि तिला आठवलं, डॉक्टरांनीही तपासताना भोकांची काळी पट्टी डोळ्यापुढे धरली होती. तेव्हाही तिने खालची ओळ वाचली होती, फक्त तिथे कुणी जयजयकार केला नव्हता.

दुर्गाबाईंच्या पर्समध्ये एका लग्नाची पत्रिका होती आणि बांगडीला सेफ्टी पिना. राजनंदिनीने पत्रिकेच्या कोऱ्या कोपऱ्याला पिनेने भोक पाडलं आणि डोळ्याला लावलं. तीच ओळ, तितकीच स्पष्ट!

"आजोबा, तुम्ही वाचा बघू."

बापूरावांनी वाचलं. पत्रिका खाली घेऊन विचारलं, "लग्न कोणाचं?"

"मावसभावाचं."

"नवरदेव भलताच सिद्धपुरुष दिसतोय."

महाराज स्टेजवरून ओरडले, "ते भोक अपवित्र आहे!"

"असेल महाराज," बापूराव म्हणाले, "पण दिसतंय स्वच्छ. माझा चष्मा द्या."

मग काय! हॉलमधल्या बायकांनी बांगड्यांच्या पिना काढल्या आणि जे हाती लागेल त्याला भोकं पाडली. प्रत्येक भोकातून सूर्यनारायण हजर! थोड्याच वेळात घमेल्याभोवती आपापल्या चष्म्यासाठी झुंबड उडाली आणि महाराज मागच्या दाराने पसार झाले.

राजनंदिनीने आईला बाजूला बसवलं. "पडदा वेडावाकडा झालाय, म्हणून प्रकाश आत भलतीकडे फाकतो आणि चित्र पुसट होतं. बारीक भोक फक्त मोजके सरळ किरण आत सोडतं. चित्र सुधारतं, डोळा नाही."

"म्हणजे डोळा होता तसाच हाय?"

"तसाच. आणि वर्षभर पथ्य पाळलं असतं, तर याहून वाईट झाला असता."

दुर्गाबाई तोंडाला पदर लावून रडल्या. आपण स्वतःच्या हाताने पोरीला कुठे ढकलत होतो, हे त्यांना आता कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर त्यांनीच तोंड उघडलं. "चष्मा जाईल?"

"नाही."

"दुखेल?"

"काही दिवस दुखेल, पाणी येईल."

"करा मग," दुर्गाबाई म्हणाल्या.

राजनंदिनीला चष्मा आजही आहे. नजर तेव्हा जिथे होती तिथेच थांबली आहे, आणि याच गोष्टीचे दुर्गाबाई ओळखीपाळखीत पेढे वाटून आल्या. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी सगळंच बरं करतो म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा, 'तुमच्या उपायाने काय होणार नाही?' जो सरळ उत्तर देईल त्याचं ऐका. आणि जवळ एक सेफ्टी पिन असू द्या.