न हुंगलेली फुलं

आमच्याकडं देवाच्या फुलाचा वास घेत नाहीत. वाऱ्यावर येईल तेवढा येऊ द्यायचा, पण फूल नाकाशी नेलं की ते उष्टं झालं. वलगावच्या आमच्या मळ्यात मोगरा होता, निशिगंध होता, आणि माझी माय पार्बताबाई हा नेम आम्हांला चालता येण्याआधीपासून शिकवत आली. विधवा होऊन मी माहेरी परतले, तेव्हापासून महादेवाला फूल वाहिल्याशिवाय पाणी घेत नाही. ते फूलही मी कधी हुंगलं नाही.

धाकटा भाऊ भगवंत हार गुंफायचा आणि अमरावतीच्या बाजारात नेऊन विकायचा. बासष्टच्या उन्हाळ्यात त्याचं डोकं दुखू लागलं. सकाळी उठला की ओकारी. पुढं पुढं तो नासलेली फुलं चांगल्यांत गुंफू लागला. गिऱ्हाइकं हार परत आणून देत, माय त्याला आळशी म्हणे, आणि तो नुसता फुलांकडे बघत राही. एक दिवस बांधावरच कोसळला, हातपाय झाडू लागला. मग आम्ही त्याला अकोल्याला डॉक्टर वामनरावांकडं नेलं.

डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत दिवा धरून बराच वेळ पाहिलं. मग डोळे मिटायला लावून एकेका नाकपुडीशी लवंग धरली, साबण धरला, अत्तराचा बोळा धरला.

"काई धरलं काय जी?" भगवंतानं विचारलं.

वास कधीपासून येत नाही, हे त्यालाही सांगता येईना. फुलं विकणाऱ्या घरात हे कोणाच्याच ध्यानात कसं आलं नाही, याचं डॉक्टरांना नवल वाटलं. मी आमचा नेम सांगितला. भगवंताला बाहेर बसवून त्यांनी मायला आणि मला सांगितलं, की मेंदूत गाठ आहे, कर्करोगाचीच असावी, आणि मुंबईला नेऊनही आता उपयोग होईलसं वाटत नाही.

लहानपणी डोक्यावर एक्स-रेचे उपचार झाले होते का, नात्यात कोणाला असं झालं होतं का, हेही त्यांनी विचारलं. माय नाही नाही म्हणत गेली. शेवटी तिनंच विचारलं, "अन् बायकोनं देवाचं फूल हुंगलं असंन तं?"

माझी भावजय जयवंता अंजनगावची, पानमळ्यातली पोर. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं मोगऱ्याचं फूल हुंगून टोपलीत टाकलं होतं. मायनं ते पाहिलं होतं आणि मनात ठेवलं होतं.

डॉक्टर हसले नाहीत. "बाई, ही गाठ साऱ्या देशांत होते. विलायतेतल्या साहेबांना होते, दूधपित्या लेकरांना होते. फुलं हुंगणाऱ्यांना होते, न हुंगणाऱ्यांनाही होते. का होते, हे अजून जगात कोणालाच नीट ठाऊक नाही."

परतीच्या मोटारीत माय एवढंच बोलली, "डाक्टरले माईत नाई. मले माईत हाये."

घरी आल्यावर तिनं जयवंताला भगवंताच्या खोलीत जायला बंदी केली आणि तिच्या भावाला, देवीदासाला, न्यायला ये म्हणून निरोप धाडला. त्या पोरीनं गाठोडं बांधलं. मला हळूच म्हणाली, "बाई, ते हायेत तोवर तरी बसू द्या ना मले त्याईच्यापाशी." मी मायला दोनदा सांगून पाहिलं. माय मान फिरवून वाती वळत राहिली.

देवीदास बैलगाडी घेऊन आला, तेव्हा मी पूजेची टोपली घेऊन भगवंताच्या खोलीवरून जात होते. त्याची नजरही आता जात चालली होती. मायची पावलं ओळखून त्यानं हाक मारली.

"माय, मोगऱ्याचा वास कसा असते व? मले याद येऊन नाई राहिली."

माय माझ्या मागंच होती. तिनं माझ्या टोपलीतलं फूल उचललं. हातात धरून उभी राहिली. मग साऱ्या जन्मात पहिल्यांदा तिनं फूल नाकाशी नेलं. डोळे मिटले.

"सांग ना व."

"मले सांगता येत नाई रे बापू," माय म्हणाली. मग दाराकडं वळली. जयवंता गाठोडं छातीशी धरून उंबऱ्याबाहेर उभी होती. "तू सांग त्याले. तुले माईत हाये."

जयवंता त्याच्या उशाशी बसली. फूल त्याच्या तळहातावर ठेवून खालच्या आवाजात सांगू लागली, "नवं लुगडं धुऊन उन्हात वाळवलं न् पहिल्यांदा अंगावर घेतलं, का कसं वाटते? तसा. अन् मंग मांगून थोडासा गोड."

"हव," भगवंत म्हणाला. "हव. असाच."

बाहेर देवीदासानं थोडा वेळ वाट पाहिली, मग जुवाखालून बैल सोडले.

श्रावण लागला तेव्हा भगवंत गेला. तोवर जयवंता रोज त्याला एकेका फुलाचा वास सांगत असे, आणि माय दाराशी बसून ऐकत असे.